चंद्रावरचे तेरा किलो

गेल्या महिन्यात एका तारांगणाच्या आवारात खेळाची वेळ होण्याची वाट पाहत बसलो होतो. तिथे ओळीने वजनकाटे मांडलेले होते. एकावर पृथ्वी, एकावर चंद्र, एकावर मंगळ, एकावर गुरू. एक बाई पृथ्वीच्या काट्यावर चढल्या. ७८ किलो. चंद्राच्या काट्यावर चढल्या तर १३ किलो! बरोबरची मंडळी हसली. सात-आठ वर्षांच्या मुलाने विचारले, ‘‘बाबा, आई चंद्रावर गेली की बारीक होईल?’’ बाबा म्हणाले, ‘‘होईल की! पाठवूनच देऊ तिला.’’ पुन्हा हशा. मीही हसलो. पस्तीस वर्षे फळ्यावर वस्तुमान आणि वजन यांतला फरक लिहिण्यात आणि पुसण्यात घालवलेल्या माणसाने तिथे तोंड उघडायला हवे होते. ते राहून गेले.

घोटाळा त्या ‘किलो’ या शब्दात आहे. किलो हे वस्तुमानाचे माप. म्हणजे अंगात किती द्रव्य आहे त्याचे. ग्रह त्या द्रव्याला किती जोराने खाली ओढतो, ते वजन. सोनाराचा ताजवा चंद्रावर नेला तर तोळाभर सोने तिथेही तोळाभरच भरेल, कारण चंद्र दागिन्याला कमी ओढतो तसा पलीकडच्या पारड्यातल्या मापालाही कमी ओढतो. रद्दीवाल्याचा ताणकाटा मात्र तिथे सहा किलो रद्दीला एकच किलो दाखवील. (चंद्रावर रद्दीचा धंदा फार किफायतशीर ठरावा.) तारांगणातले काटे रद्दीवाल्याच्या जातीचे आहेत. ते खोटे बोलत नाहीत, पण त्यावर किलो लिहिणे हे खोटे आहे, आणि ते मुलांना खेळता खेळता शिकवले जाते.

हा फरक पुस्तकी नाही. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ चे चार्ल्स ड्यूक आणि जॉन यंग चंद्रावर उड्या मारून पाहत होते. ड्यूक यांनी जोरात उंच उडी घेतली, पाठीवरच्या जड पेटीने त्यांचा तोल मागे गेला आणि ते पाठीवर पडले. त्याच पेटीत त्यांचा श्वास होता. तिचे वजन एक षष्ठांश झाले होते. वस्तुमान रतीभरही कमी झाले नव्हते. एकदा कलंडलेले वस्तुमान चंद्रावरही सहजी सावरत नाही. पेटी फुटली नाही, पोशाख फाटला नाही, म्हणून ती हकिगत आज गमतीने सांगता येते.

काट्यांवरचे आकडेही विचार करण्यासारखे असतात. ग्रह मोठा म्हणजे ओढ मोठी, असा आपला समज. शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण तो इतका फुगलेला आहे की त्याच्या ढगांच्या माथ्यावरची ओढ जवळजवळ आपल्याइतकीच. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या सुमारे दुप्पट. तरी दोन्हीकडे वजन सारखेच, पृथ्वीच्या ३८ टक्के, कारण बुध लहान पण घट्ट आहे आणि मंगळाचा पृष्ठभाग केंद्रापासून अधिक दूर. गुरूवर अडीच पट वजन भरते म्हणतात. तिथे काटा ठेवायला जमीनच नाही, हे कुणी सांगत नाही.

फार कशाला, पृथ्वीवरही वजन एकसारखे नाही. १६७२ मध्ये झाँ रिशे पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला लंबकाचे घड्याळ घेऊन गेले, तर ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. तिथली ओढ कमी, म्हणून लंबक संथ. न्यूटनने त्या अडीच मिनिटांतून पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्याचा पुरावा काढला.

इथवर वर्गात सांगता येते. पण त्या मुलाच्या प्रश्नात दुसराही एक प्रश्न होता. ओढ बदलली तर खुद्द शरीर बदलेल का? बदलते, आणि बारीक होण्यापेक्षा वाईट रीतीने. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे पृथ्वीची ओढ जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असते. पण स्थानक आणि आतली माणसे एकत्रच सतत पडत असल्याने पायाखाली भार येत नाही. भार नाही म्हटल्यावर शरीर मोठ्या व्यवहारीपणाने हाडांचा खर्च कमी करते. व्यायाम नसेल तर कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. म्हातारपणी वर्षभरात होणारी झीज तिथे महिन्यात होते. म्हणून प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास यंत्रांवर घाम गाळावा लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे अठरा दिवस राहून आलेल्या शुभांशु शुक्ला यांना परतल्यावर हातातला मोबाइल जड वाटला, आणि लॅपटॉप तरंगत राहील अशा समजुतीने त्यांनी तो पलंगाच्या कडेबाहेर सोडून दिला. हे अवघ्या अठरा दिवसांत.

आता मंगळाचा विचार करा. २०१६ पासून तिथे शहरे वसवण्याच्या योजना जाहीर सभांत मांडल्या जात आहेत. आपल्या देशानेही २०४० पर्यंत भारतीयाला चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. रॉकेट, इंधन, पाणी, प्राणवायू, सगळ्यांची चर्चा होते. ३८ टक्के वजनात माणसाची हाडे टिकतात का, गर्भ नीट वाढतो का, हे मात्र कुणालाच माहीत नाही, कारण तसे जगलेला माणूसच नाही. चंद्रावर आजवर बारा जण उतरले. त्यांतला सर्वांत लांब मुक्काम १९७२ च्या डिसेंबरात सुमारे तीन दिवसांचा. मंगळाइतकी ओढ माणसाने अनुभवली आहे ती गोते घेणाऱ्या विमानांत, काही सेकंद. एवढ्या शिदोरीवर वसाहतीच्या गोष्टी करणे म्हणजे स्वयंपाकघर कुठे असेल हे न ठरवता पंगतीची आमंत्रणे वाटणे होय. मंगळावर जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. चाचणीसाठी माणसे पाठवण्याआधी कक्षेत फिरते स्थानक बांधून कृत्रिम ओढीत प्राणी वाढवून पाहावेत, महिने नव्हे, पिढ्या. खर्चाचे आहे, आणि त्याला टाळ्या कमी पडतात, म्हणून ते मागे राहते.

तिथे जन्मलेले मूल मंगळाच्या ओढीत वाढेल. मोठेपणी ते आजोळी, पृथ्वीवर आले तर त्याचे वजन एका दिवसात अडीच पटीहून जास्त होईल. म्हणजे आपण गुरूवर उतरावे तसे. त्याला इथे उभे राहता येईल का, हे त्याच्या आईबापांना निघण्यापूर्वी कुणीतरी सांगू शकले पाहिजे.

खेळाची घंटा झाली तेव्हा तो मुलगा गुरूच्या काट्यावर उभा होता. काट्यावरचा आकडा पाहून त्याने गुडघे थोडे वाकवले, आणि बाबांना म्हणाला, ‘‘बघा, मला उभंच राहता येत नाहीये.’’