परतीची वेळ आईंनी ठरवली

मोठ्या जहाजाने प्रवास करणाऱ्यांना एका दिवसापुरते बंदरावर उतरणे चांगले परिचयाचे असते. जहाज सकाळी धक्क्याला लागते, संध्याकाळी सुटते. मधल्या सात-आठ तासांत कोणी आखून दिलेल्या सहलीला जातो, तर कोणी आपल्या माणसांना घेऊन आपल्या मनाने गाव पाहतो. दुसऱ्या प्रकारात मोकळीक अधिक असते, पण घड्याळ सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच असते. हा अनुभव घेण्यासाठी मुंबईकरांना फार दूर जावे लागत नाही. गेट वे ऑफ इंडियाहून बोटीत बसले की तासाभरात रायगड जिल्ह्यातील मांडवा बंदर येते. तेथून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर आहे. सकाळी जावे आणि संध्याकाळच्या बोटीने परतावे, असा हा दिवस असतो.

गेल्या माघात आम्ही चौघे असे निघालो. सासूबाई, माझे यजमान, आमची कॉलेजात शिकणारी लेक आणि मी. सासूबाईंचे वय एकोणऐंशी. त्यांना मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी रोजची आहे आणि दोन्ही गुडघे कुरकुरतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या सासऱ्यांबरोबर अलिबागचा कुलाबा किल्ला पाहून आल्या होत्या. ‘एकदा परत बघायचा आहे,’ एवढेच त्या अधूनमधून म्हणत.

यजमानांनी आदल्या आठवड्यात कागदावर यादी केली. कुलाबा किल्ला, कनकेश्वर, चौल, नागाव, रेवदंडा. सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारले, “यात मी बसायची कुठे, ते लिहिलं नाहीस.” मग त्यांनी स्वतःच पेन घेऊन किल्ला सोडून बाकी सगळ्यावर काट मारली. त्यांच्या या एका प्रश्नात वयस्कर माणसांबरोबरच्या प्रवासाचे सारे नियोजन आहे. स्थळे मोजण्याआधी बसण्याच्या जागा मोजाव्यात.

दिवसही त्यांनीच ठरवला. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रातील खडकावर आहे. ओहोटीच्या वेळी तेथे पायी किंवा घोडागाडीने जाता येते, भरतीत मात्र वाट पाण्याखाली जाते. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची वेळ येते. षष्ठीला सहाची पाऊणपट म्हणजे साडेचार. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेअकराच्या आसपास पूर्ण ओहोटी. दिनदर्शिकेसमोर उभे राहून सासूबाईंनी बोटांवर हा हिशेब केला आणि षष्ठी पक्की केली. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांगाचे दिवस असल्याने पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप दूर जाते, पण पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्यामुळे पंचमी-षष्ठी हा मधला मार्ग. अर्थात हा अंदाज आहे. भरती-ओहोटीचे अधिकृत तक्ते पाहावेत आणि किनाऱ्यावर पोचल्यावर तेथील कोळी बांधवांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारावेच.

सकाळच्या बोटीने आम्ही निघालो. वयस्कर माणसासाठी या प्रवासातील सर्वांत अवघड भाग समुद्र नसून बोटीत पाऊल टाकण्याचा क्षण असतो. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात, त्यांवर शेवाळ असते आणि बोट वरखाली होत असते. अशा वेळी घाईने हात धरून ओढू नये. ओढल्याने खांदा दुखावतो आणि तोलही जातो. वयस्कर व्यक्तीनेच खलाशाचा दंड घट्ट धरावा, बोट वर येऊन क्षणभर स्थिरावली की पाऊल टाकावे, आणि एक जण पाठीमागे उभा असावा. आपल्या मागे रांग खोळंबली आहे, याची लाज बाळगू नये. ज्यांना पायऱ्या शक्यच नाहीत त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सोयीची. 2020 साली सुरू झालेल्या या सेवेत मोटार थेट बोटीत चढवता येते.

बोटीत मधल्या भागात, खालच्या मजल्यावर, वारा लागेल अशी जागा धरावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. मोबाइलमध्ये डोके न घालता दूर क्षितिजाकडे पाहावे. मळमळ थांबवणाऱ्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते आणि उतरत्या वयात तोल जाण्याची किंवा लघवी अडण्याची भीती असते. म्हणून अशी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. उतरण्याची वेळ आली की चटकन उठू नये. आधी पाय हलवावेत, मग उभे राहावे, क्षणभर थांबून मग चालू लागावे.

मांडव्याहून बसने अलिबागला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. समुद्र मागे सरला होता आणि ओल्या वाळूतून घोडागाड्यांची ये-जा चालली होती. गाडीची पायरी बरीच उंच होती. यजमानांनी ती पाहिली आणि ते म्हणाले, “आई, तू इथे सावलीत बस. आम्ही पटकन जाऊन येतो. तुला फोटो दाखवू.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला आणि किल्ल्याकडे पाहत राहिल्या. मीही गप्प राहिले, आणि ते मला अजून टोचते. ज्यांच्यासाठी हा दिवस आखला, त्यांना आम्ही सामानासारखे एका जागी ठेवायला निघालो होतो. तेही प्रेमाने, त्यांच्या गुडघ्यांच्या काळजीने. शेवटी लेकीने विचारले, “आजी, तुला काय करायचंय?”

“मला दरवाजापर्यंत जायचंय,” त्या म्हणाल्या. “आत नाही. दरवाजापर्यंत. आणि सव्वाअकराला परत फिरायचं, कुणी कुठेही असलं तरी.”

गाडीवाल्या दादांनी चढायला एक लाकडी खोकी आणून ठेवली. दोन मिनिटांत सासूबाई गाडीत बसल्या. ज्या अडचणीसाठी त्यांना किनाऱ्यावर ठेवणार होतो, ती एवढीच होती.

किल्ल्याच्या दरवाजाशी त्या एका दगडावर टेकल्या. या किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी 1680 साली सुरू करवले आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात तो मराठी आरमाराचे मोठे ठाणे झाला. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे आणि राघोजी आंग्रे यांनी 1759 साली बांधलेले गणपतीचे मंदिर आहे. सासूबाईंनी घरून आणलेली जास्वंदीची फुले नातीच्या हाती दिली आणि तिला बापाबरोबर आत पाठवले. आम्ही दोघी दगडावर बसून राहिलो. “तेव्हा मी याच दगडावर बसले होते की नाही, देव जाणे,” त्या हसून म्हणाल्या. “पण सासरे आत गेले आणि मी इथे वारा खात बसले होते, ते पक्कं आठवतंय.”

मी पिशवीतून त्यांची पाण्याची बाटली काढली, तर ती काठोकाठ भरलेली. सकाळी सहापासून त्यांनी एक घोटही घेतला नव्हता. मी विचारले तेव्हा नजर चुकवत त्या म्हणाल्या, “बोटीत, बसमध्ये मधेच जायला लागलं तर? तुम्हाला सगळ्यांना थांबावं लागलं असतं.”

वाचकहो, आपल्या घरातील वयस्कर माणूस प्रवासात पाणी पीत नसेल तर त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात ऊन आणि खारा वारा. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, चक्कर येते, लघवीला जळजळ होते, कधी बोलण्यात गोंधळ दिसू लागतो. उपाय नुसता आग्रह करण्याचा नाही. ‘पाणी प्या’ म्हणण्याआधी स्वच्छतागृह कोठे आहे ते सांगावे. निघण्यापूर्वी बोटीत सोय आहे का, बंदरावर, बस स्थानकावर, जेवणाच्या जागी कोठे आहे, हे विचारून घ्यावे आणि ते त्यांना न विचारता सांगून टाकावे. दर दोन तासांनी सगळ्यांनीच जावे, म्हणजे ‘माझ्यामुळे थांबले’ असे कोणाला वाटत नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने ती टाळू नये. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाणी किती प्यावे हेही विचारावे. किनाऱ्यावरचे शहाळे सर्वांनाच चालते असे नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जपून राहावे.

सासूबाई थोडे थोडे करत अर्धी बाटली प्यायल्या. सव्वाअकराला त्या उठल्या. लेक आणि तिचे बाबा तटावर फोटो काढण्यात रमले होते. सासूबाईंनी मला फोन करायला लावला आणि स्वतः कानाला लावून म्हणाल्या, “निघा. पाणी फिरलंय.” खरोखरच वाळूतील चरांमध्ये पाणी हलू लागले होते. भरतीत किल्ल्यात अडकले तर होडीची किंवा पुढच्या ओहोटीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्यात उशीर करणारी व्यक्ती कोण असेल, याची चिंता आम्ही आठवडाभर केली होती. त्या दिवशी वेळ पाळणाऱ्या एकट्या त्याच निघाल्या.

साडेबाराला जेवलो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ लांबवू नये. साखर किंवा ग्लुकोजची पुडी सोबतच्या माणसाच्या खिशात असावी, मोठ्या पिशवीच्या तळाशी नको. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि अलिबागचा पांढरा कांदा, असे सासूबाई मनापासून जेवल्या. दुपारी तासभर त्या आडव्या झाल्या. त्यासाठी एक खोली अर्ध्या दिवसापुरती घेतली होती. तो खर्च आम्हाला आधी अनावश्यक वाटला होता, पण संध्याकाळची बोट त्याच तासाने सुखाची केली. मग रिक्षातून कान्होजींची समाधी पाहिली, आणि चुंबकीय वेधशाळा रस्त्यावरूनच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे 1904 साली येथे हलवली गेली. “म्हणजे शांतता लागणारी मंडळी आधीपासून इथेच येतात,” सासूबाई म्हणाल्या.

मांडव्याला आम्ही शेवटच्या बोटीच्या आधीची बोट धरली. वयस्कर माणूस बरोबर असता शेवटची बोट राखीव ठेवावी. ती चुकली तर पुढे काही नसते. पावसाळ्यात गेट वेच्या बोटी बंद असतात, म्हणून बेत हिवाळ्यातच करावा. औषधांची यादी, आजारांची नोंद आणि घरचा फोन क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ज्येष्ठांच्याच जवळ द्यावा. गरज पडल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने तेथे जिल्हा रुग्णालय आहे. पायात मागे पट्टा असलेल्या चपला असाव्यात.

आणि निघण्यापूर्वी एक प्रश्न त्यांना अवश्य विचारावा. लेकीने विचारला तोच. आम्ही तो वाळूत उभे राहून विचारला, घरीच विचारायला हवा होता. बोट गेट वेला लागली तेव्हा अंधार पडला होता. सासूबाईंनी खलाशाचा दंड धरला, थांबल्या, बोट वर येऊ दिली आणि पाऊल टाकले. पिशवीतील दुसरी बाटली तोवर रिकामी झाली होती.