आधी कानात, मग कागदावर



"अक्षरं सगळी येतात हो त्याला, पण वाचन नाही." दुसरीच्या पालक सभेत हे वाक्य मी दरवर्षी कुणाला ना कुणाला ऐकवते. यंदा तेच वाक्य मला स्वतःला लागू पडलं. निमित्त झालं आयर्लंडच्या पारंपरिक संगीताचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक टिन व्हिसल मागवली. टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची, तोंडाशी शिट्टीसारखा भाग असलेली छोटी उभी बासरी. इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ साली ती पत्र्यापासून बनवून विकायला सुरुवात केली. किंमत कमी, वाजवायला सोपी, म्हणून आयर्लंडच्या नाचाच्या धुनांमध्ये ती चांगलीच रुळली. या धुना आज हजारोंच्या संख्येने लिहिलेल्या मिळतात, आणि बऱ्याचशा 'एबीसी' नावाच्या स्वरलिपीत. पाच रेघा नाहीत, काळे-पांढरे ठिपके नाहीत. साध्या टायपिंगमध्ये बसणारी अक्षरं, आकडे आणि उभ्या रेघा. मला वाटलं, अक्षरंच तर आहेत, चार दिवसांत येईल! तुम्हालाही असंच वाटलं असतं ना?

ही लिपी वाचायची कशी?

ख्रिस वॉलशॉ या संगीतप्रेमी माणसाने १९८० च्या दशकात लोकधुनांचे तुकडे लक्षात राहावेत म्हणून सुरांची अक्षरं लिहून ठेवायला सुरुवात केली. रूढ पाश्चात्त्य स्वरलेखन तेव्हा त्यांना येत नव्हतं. पुढे त्यातूनच ही पद्धत आणि तिच्यासाठीची संगणक प्रणाली तयार झाली. स्वतःच्या आठवणीसाठी केलेल्या टिपणातून ही लिपी जन्मली, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

धुनेच्या वर आधी माहितीच्या ओळी असतात. प्रत्येक ओळ एका अक्षराने आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते. 'एक्स' म्हणजे क्रमांक, 'टी' म्हणजे नाव, 'एम' म्हणजे ठेका, 'एल' म्हणजे एका अक्षराची लांबी आणि शेवटी 'के' म्हणजे धून कोणत्या पट्टीत आहे ते. त्याखाली धून. अक्षरापुढे २ असेल तर तो सूर दुप्पट लांब, ३ असेल तर तिप्पट. उभी रेघ आली की एक आवर्तन संपलं. रेघेला दोन टिंबं चिकटली की तो भाग पुन्हा वाजवायचा.

सरावासाठी मी स्वतः रचलेली ही एक ओळ बघा:

डी२ ई एफ२ जी | ए३ बी ए जी |

ठेका ६/८ आहे आणि एका अक्षराची लांबी १/८. पहिल्या रेघेपर्यंत मोजा: दोन, एक, दोन, एक, झाले सहा. दुसऱ्या भागात तीन, एक, एक, एक, पुन्हा सहा. दुसरीतलं मूलही ही बेरीज करील.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्याकडे अक्षरांचीच स्वरलिपी रुळवली. सा, रे, ग लिहायचं, वरच्या सप्तकासाठी अक्षराच्या डोक्यावर टिंब, कोमल स्वरासाठी खाली आडवी रेघ. फरक एवढाच की आपला 'सा' गाणाऱ्याच्या सोयीने वर-खाली सरकतो, एबीसीतला 'डी' मात्र जागचा हलत नाही.

मी कुठे अडखळले?

पहिली ठेच लागली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांपाशी. व्हिसलवर कॅपिटल 'डी' म्हणजे सगळी भोकं बंद करून हलकी फुंक, खालचा सूर. स्मॉल 'डी' म्हणजे जवळपास तीच बोटं, पण फुंक जोरकस, वरच्या सप्तकातला सूर. मी घाईत दोन्ही सारखेच वाजवत राहिले आणि धून भलतीकडेच गेली. आपण मुलांना 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक लाल पेनने दाखवतो ना? तसा लाल पेन मला माझ्या कानाने दाखवला.

दुसरी ठेच 'के'च्या ओळीपाशी. 'के'समोर 'डी' लिहिलेलं असेल तर 'एफ' आणि 'सी' हे दोन सूर चढे वाजवायचे, पण धुनेत तशी खूण कुठेच नसते. वरची ओळ वाचली नाही तर खालचं सगळं चुकीचं. गंमत म्हणजे डीच्या व्हिसलवर एकेक बोट उचलत गेलं की हे सूर आपोआप येतात, त्यामुळे माझं अज्ञान आठवडाभर झाकलं गेलं. मग जीच्या पट्टीतली धून आली. तिथे 'सी' साधा हवा, म्हणजे वरचं भोक उघडं, त्याखालची दोन बंद आणि उरलेली उघडी. मी मात्र सगळी भोकं उघडून मोकळी झाले होते.

या चुका सुधारल्या. अक्षरं बरोबर, बोटं बरोबर, मोजणी बरोबर. एका जिगचे दोन्ही भाग मी न चुकता वाजवले. आणि घरातून प्रश्न आला, "हे काय वाजवतेस? पाढे का?"

हसू नका, प्रश्न बरोबर होता. कारण मी त्या धुनेचं खरं वादन तोवर एकदाही ऐकलं नव्हतं. फोनवर शोधून ऐकलं आणि मटकन खालीच बसले. कागदावर सहा सारखी अक्षरं दिसत होती, पण वाजवणारा ती सारखी वाजवत नव्हता. प्रत्येक तीनातला पहिला सूर जरा रेंगाळत होता, मधला चटकन निसटत होता. त्यावरच तर पाय थिरकतात! दोन सारख्या सुरांमध्ये बोटाचा एक चटका होता, तो कागदावर नव्हता. श्वास घ्यायला वादक मधला एखादा सूर चक्क सोडून देत होता, तेही कागदावर नव्हतं.

दिवसभर पाच-सहा वेळा ती धून नुसती ऐकली. रात्री कागद समोर घेतला, तर तीच अक्षरं माझ्याशी बोलायला लागली.

आयर्लंडमधल्या दोन गोष्टी

यानंतर या संगीताबद्दल थोडं वाचलं. त्यातली दोन माणसं मनात राहिली.

फ्रान्सिस ओ'नील हे कॉर्क परगण्यात जन्मलेले गृहस्थ पुढे अमेरिकेत शिकागोचे पोलीसप्रमुख झाले. १९०३ साली त्यांनी १८५० आयरिश धुनांचा मोठा संग्रह काढला. लहानपणी ऐकलेल्या कितीतरी धुना त्यांच्या डोक्यात पक्क्या होत्या, पण त्यांना स्वरलेखन येत नव्हतं! ते वाजवून किंवा गुणगुणून दाखवायचे आणि जेम्स ओ'नील हे त्यांचे सहकारी लिहून घ्यायचे. ज्याच्या नावावर एवढा ग्रंथ, त्याची आठवण कानातली होती.

दुसरे आपल्याच पेशातले. कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवरच्या श्लीव्ह लुआख्रा भागातले पॉड्रिग ओ'कीफ हे प्राथमिक शिक्षक होते. १९२० च्या सुमारास त्यांची नोकरी गेली. मग ते घरोघर फिरून फिडल शिकवायला लागले. त्यांनी स्वतःची सोपी लिपी केली होती: फिडलच्या चार तारांसाठी चार जागा आणि कोणतं बोट ठेवायचं त्याचा आकडा. विद्यार्थ्याने धून गुरुजींकडून ऐकलेली असायची, आणि कागद तिची आठवण म्हणून जवळ राहायचा. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही.

माझं म्हणणं

काही जण म्हणतील, मग लिपी हवीच कशाला, नुसतं ऐकून शिकावं. मला हे पटत नाही. ओ'नीलांच्या डोक्यातल्या धुना कुणी लिहिल्याच नसत्या तर त्यांतल्या किती आज उरल्या असत्या? शिवाय ज्याच्या गावात शिकवणारा नाही, त्याला कागदाचाच आधार. उलट बाजूचे म्हणतील, पाच रेघांचीच लिपी खरी, ही अक्षरांची म्हणजे पळवाट. तेही पटत नाही. माझ्यासारखीला एका आठवड्यात दारातून आत घेणारी लिपी वाईट कशी?

माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. खूण ही आठवण करून देण्यासाठी असते. जे कधी ऐकलंच नाही, त्याची आठवण कशी होणार?

आता माझ्या वर्गातल्या त्या मुलाकडे येते. त्याच्या आईला मी सभेत सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "वाचनात मागे आहे." त्याच्या घरी वेगळी बोली बोलतात. पुस्तकातली मराठी त्याने माझ्या तोंडून सोडून दुसरीकडे फारशी ऐकलेलीच नव्हती, आणि मीही धडा न वाचून दाखवता थेट "वाच" म्हणत होते. तो माझ्या जिगसारखंच वाचत होता, एकेक अक्षर बरोबर आणि सगळं मिळून पाढे. मिनिटाला किती शब्द वाचले ते मी मोजत होते. त्याने किती ऐकलंय, हे कधी मोजलंच नाही.

आता मी नवा धडा आधी दोनदा नीट वाचून दाखवते, पुस्तकं बंद ठेवून. मग मुलं ओळीखाली बोट फिरवत माझ्याबरोबर वाचतात. एकट्याने वाचायची पाळी त्यानंतर. त्या मुलाला जोडाक्षरं अजून अडतात, चमत्कार वगैरे झालेला नाही. पण परवा गोष्टीतल्या कोल्ह्याचं वाक्य त्याने कोल्ह्याच्या आवाजात वाचलं, आणि वर्ग हसला. त्याच्या आईला पुन्हा बोलावून माझं आधीचं वाक्य मी मागे घेतलं.

पालकहो, रोज दहा मिनिटं मुलाला मोठ्याने वाचून दाखवा, ते वाचायला लागल्यानंतरसुद्धा. आणि शिक्षक मित्रांनो, येत्या सुट्टीत स्वतःला न येणारी एखादी लिपी शिकायला घ्या. एबीसी घ्या, ब्रेल घ्या, मोडी घ्या. पहिल्या आठवड्यात किती वेळा अडखळता ते वहीत लिहून ठेवा. शाळा उघडल्यावर वर्गात जाण्याआधी ते पान एकदा वाचा.