स्पीकरमधल्या काळ्या चुंबकावर इलेक्ट्रिक स्कूटर पळेल का?

उल्हासनगरमधल्या एखाद्या स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात डोकावलात, तर उघडलेल्या स्पीकरच्या मागे काळी, जड चकती दिसेल. ते फेराइट चुंबक. तिथून अंबरनाथ सोडून पुढे बदलापूर. तिथल्या पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये मात्र सहसा निओडिमियमचं चुंबक असतं. (ज्या लोकलने आपण जातो, तिच्या इंडक्शन मोटरला कायमचं चुंबक लागतच नाही!)

हा फरक २०२५ मध्ये महागात पडला. ४ एप्रिलला चीनने ७ दुर्मीळ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. यादीत निओडिमियम नव्हतं, पण त्याच्या चुंबकात मिसळले जाणारे डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते. जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोने इशारा दिला, की ऑगस्टमध्ये ‘चेतक’चं उत्पादन थांबू शकतं.

मग फेराइट का नको? त्यात लागतं लोखंड, ऑक्सिजन आणि स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम. स्वस्त आहे, गंजत नाही. अडचण ताकदीची. हे ऑक्साइड थरांवर थर रचून बनतं आणि त्यातल्या दर १२ लोखंडी अणूंपैकी ८ एका दिशेला, तर ४ उलट दिशेला ओढतात. बरीचशी ताकद आपसातच संपते. ही उणीव कुठल्याही सूक्ष्मदर्शकाने भरून निघणार नाही.

दुसरी उणीव मात्र सुधारता येण्यासारखी आहे. चुंबकाच्या आत ‘डोमेन’ असतात, म्हणजे एकाच दिशेला तोंड केलेल्या अणूंचे छोटे इलाके. मोटरमधलं उलटं चुंबकीय क्षेत्र वाढलं, की एखाद्या कणाच्या कडेला किंवा दोषापाशी उलट्या दिशेचा इलाका तयार होतो आणि पसरत जातो. तेवढं चुंबक कामातून जातं. हिशेबाने फेराइटने जितका तग धरायला हवा, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते बरंच कमी तग धरतं.

ही सुरुवात नेमकी कुठे होते, हे पाहायचे दोन मार्ग आहेत. एकात पृष्ठभागावर ध्रुवित प्रकाश टाकतात. परतणाऱ्या प्रकाशाचा कल डोमेनच्या दिशेनुसार किंचित बदलतो आणि काळे-पांढरे पट्टे दिसतात. दुसऱ्यात चुंबकीय लेप दिलेली अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागावरून फिरवतात. क्षेत्र थोडं थोडं वाढवत असे फोटो काढत गेलं, की पहिली पडझड कुठे झाली ते सापडतं. मग भट्टीचं तापमान किंवा कणांचा आकार बदलून पाहता येतो.

तरीही फेराइटची मोटर आकाराने मोठी आणि जड होणारच. पंख्याला ते चालून जातं. स्कूटरमध्ये वजन वाढलं, की एका चार्जिंगमधलं अंतर घटतं. २६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने मंजूर केलेली ७,२८० कोटी रुपयांची योजनाही दुर्मीळ धातूंच्या चुंबकांसाठीच आहे. वर्षाला ६,००० टन उत्पादन क्षमतेचं लक्ष्य ठेवलंय. फेराइट त्यात नाही.