दरड आपल्याकडे, प्रयोगशाळा लखनौला

मडुरे हे सिंधुदुर्गातलं कोकण रेल्वेचं शेवटचं स्थानक. ते सोडलं की गाडी गोव्यात शिरते आणि पेडण्याचा बोगदा लागतो. ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि गाड्या काही आठवडे दुसऱ्या मार्गानं वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात तळातून पाणी आणि चिखल वर आला, वाहतूक पुन्हा थांबली. मार्ग बांधताना इंजिनियरांना सगळ्यात जास्त दमवलं तेही इथल्याच मऊ मातीनं. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला, त्याला पाव शतक उलटून गेलं. माती अजून तशीच आहे.

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्रानं २०२५ मध्ये संमती दिली. महामंडळातली बाकीची तीन भागीदार राज्यं, म्हणजे गोवा, कर्नाटक आणि केरळ, आधीच तयार होती. तेव्हापासून चर्चा चालू आहे ती दुपदरीकरणाला पैसा मिळेल का, 'कोकण रेल्वे' हे नाव राहील का, राज्याची गुंतवणूक परत येईल का, याची. हे प्रश्न रास्त आहेत. पण पेडण्याच्या मातीवर, वैभववाडीच्या कटिंगवर, आमच्या तीन-चार महिन्यांच्या धुवांधार पावसावर संशोधन कोण करणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार, हे कुणीच विचारत नाही. मला या घडीला तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

महामंडळाची रचनाच वेगळी होती. १९ जुलै १९९० ला ते स्थापन झालं. मधु दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि बांधकामाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे. सुरुवातीच्या भांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. उरलेला बहुतेक पैसा रोख्यांतून उभा केला. निर्णय घ्यायला दिल्लीपर्यंत फाइल पाठवावी लागत नव्हती, म्हणून नवं करून बघायची मोकळीक होती. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल बघा. त्याचा वरचा भाग एका टोकाला ओतायचा आणि तुकड्या-तुकड्यानं खांबांवरून पुढे ढकलत न्यायचा, ही पद्धत तेव्हा देशात नवी होती. तिचा धोका महामंडळानं स्वतःच्या अंगावर घेतला. पुढं मालाचे ट्रक रेल्वेवर चढवून न्यायची रो-रो सेवा २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा सुरू झाली, तीही याच मोकळिकीतून. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी पहिल्यांदा करून बघितली होती हेच आपण विसरलो.

मग २२ जून २००३ ची रात्र आली. वैभववाडीजवळच्या कटिंगमध्ये दरड आली आणि कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच पावसाळ्यात, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. या दोन घावांनंतर मार्गावर जे काम झालं, त्याला मी संशोधनच म्हणेन, कुठल्या नियतकालिकात त्याचे निबंध छापून आले असोत वा नसोत. कटिंगचे उतार कमी केले. सुटे दगड अडवायला लोखंडी जाळ्या बसवल्या. माती धरून ठेवायला वाळा लावला. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक केलं आणि गाड्यांचा वेग उतरवला. कणकवलीसह नऊ स्थानकांवर पर्जन्यमापक, उंच आणि लांब पुलांवर वारा मोजणारी यंत्रं, सावित्री-वाशिष्ठीच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा बसली. आणि भर पावसात रात्रभर रुळांवरून चालणारे गस्तवाले. अमुक कटिंग किती पावसात हलतं, कुठल्या दगडाखालून आधी पाणी झिरपतं, हे ज्ञान त्यांच्या पायांत आहे. आमची मुंबईची माणसं गणपतीला घरी सुखरूप पोचतात, ती या कामामुळे.

हे काम टिकलं, पण त्याच महामंडळाचे दोन मोठे शोध टिकले नाहीत. बी. राजाराम व्यवस्थापकीय संचालक असताना गाड्यांची टक्कर टाळणारं उपकरण इथं तयार झालं. 'रक्षाकवच' या नावानं ते ओळखलं जाई. उपग्रहावरून गाडीची जागा ओळखायची आणि समोर धोका दिसला की ब्रेक आपोआप लावायचा, अशी त्याची कल्पना. ईशान्य सीमा रेल्वेवर ते मोठ्या प्रमाणावर बसवलं गेलं. तिथं शेजारशेजारच्या रुळांपैकी गाडी नेमकी कुठल्या रुळावर आहे हे उपग्रहाच्या आधारानं खात्रीनं ओळखता येईना, कारण नसताना ब्रेक लागू लागले. पुढं लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली वेगळी प्रणाली विकसित झाली. तिच्यात रुळांमध्येच खुणेच्या पट्ट्या बसवून ही अडचण सोडवली. तीच आजची 'कवच'. दुसरा शोध म्हणजे मडगावची स्कायबस, उंचावरच्या रुळाखाली लटकून धावणारी गाडी. २५ सप्टेंबर २००४ ला चाचणीत अपघात झाला, एक कर्मचारी गेला, आणि काही वर्षांनी तिच्या मार्गाचा सांगाडा उतरवला गेला.

या दोन प्रसंगांवरून 'महामंडळानं असले उद्योग करायलाच नको होते' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. प्रश्न ज्याच्या दारात, त्यानंच उत्तर शोधायला हात घातला, हे बरोबरच होतं. कमी पडलं ते पुढचं. ज्यानं बनवलं तोच तपासणार, तोच त्याची बाजू मांडणार, आणि तो खुर्चीवरून उठला की पाठीमागे कुणी नाही. त्रयस्थ परीक्षक नव्हता. चूक सापडली तर ती दुरुस्त करून दुसरी आवृत्ती काढायला राखून ठेवलेला पैसा नव्हता. चाचणीत उतरलं तर अमुक इतकं विकत घेऊ, असं आधी बोललेला गिऱ्हाईक नव्हता.

नॉर्वेनं ही जुळणी कशी केली ते बघण्यासारखं आहे. लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, किनारा खाड्यांनी चिरलेला, गावागावांना जोडणाऱ्या फेरीबोटी. राष्ट्रीय महामार्गांवरच्या अशा बोटींची कंत्राटं तिथलं सार्वजनिक रस्ते खातंच देतं. २०१० मध्ये त्या खात्यानं स्पर्धा जाहीर केली: लाविक ते ओप्पेडाल या मार्गासाठी कमीत कमी इंधन खाणारी, कमीत कमी धूर सोडणारी बोट दाखवा, जिंकेल त्याला दहा वर्षं हा मार्ग. खात्यानं सोलर की बॅटरी हे सांगितलं नाही, फक्त गरज सांगितली आणि दहा वर्षांच्या उत्पन्नाची हमी दिली. त्यातून 'आम्पेरे' ही मोटारी वाहणारी बॅटरीवरची फेरी तयार झाली, २०१५ मध्ये ती धावू लागली. दोन्ही काठची गावं लहान, तिथल्या विजेच्या तारांना एवढा भार एकदम झेपेना. तेव्हा दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या ठेवल्या. त्या सावकाश भरत राहतात आणि बोट लागली की दहा मिनिटांत तिला वीज देतात. त्यानंतर संसदेनं नव्या निविदांमध्ये प्रदूषणमुक्त बोटींचा आग्रह धरायला सांगितलं, धक्क्यांवरच्या चार्जिंगला सरकारी निधी मिळाला, आणि अशा बोटी डझनांनी पाण्यात आल्या. त्रयस्थ नजरेसाठी ओस्लोत वाहतुकीच्या अर्थकारणाचा अभ्यास करणारी संस्थाही आहे. १९८६ पासून ती स्वतंत्र प्रतिष्ठान आहे, कुठल्या एका खात्याच्या हाताखाली नाही.

नॉर्वेकडे तेलाचा पैसा आहे, हे खरं. पण केरळकडे तो नाही. तिथल्या राज्य जलवाहतूक खात्यानं जानेवारी २०१७ मध्ये वैकम ते तवनकडवू मार्गावर ७५ प्रवाशांची 'आदित्य' ही सौरऊर्जेवरची बोट सुरू केली. बनवली ती कोचीच्या एका लहान कंपनीनं. खात्यानं मागितली, तिनं बनवून दिली, रोजच्या प्रवाशांनी तिची परीक्षा घेतली.

आपल्या रेल्वेलाही हे अगदीच अपरिचित नाही. जून २०२२ पासून रेल्वे आपले प्रश्न नवउद्योगांसमोर मांडते आणि निम्मा खर्च उचलत दीड कोटीपर्यंत अनुदान देते. चांगलं धोरण आहे. पण प्रश्नांची यादी साऱ्या देशाची. त्यात हिमालय आहे, वाळवंट आहे, दाट धुकं आहे. पेडण्याच्या बोगद्याची पाळी कधी येणार? विलीनीकरणानंतर आपला मार्ग त्या मोठ्या जाळ्याचा एक टक्क्याच्या आसपासचा तुकडा असेल, आणि लखनौच्या टेबलावर त्याचं वजनही तेवढंच असेल.

म्हणून विलीनीकरणाच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात, असं मी आमच्या लोकप्रतिनिधींना कळकळीनं सांगतो. या मार्गाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा, अर्धा टक्का का होईना, इथल्या दरडी, बोगदे आणि पावसाच्या अभ्यासासाठी दरवर्षी बाजूला पडावा आणि तो दुसरीकडे वळवता येऊ नये. दुसरं, तपासणी त्रयस्थानं करावी. दापोलीचं कृषी विद्यापीठ उतारावरच्या झाडांचं आणि मातीचं सांगू शकतं, गोव्याची आयआयटी जवळ आहे, मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातली मुलं पर्जन्यमापकांची आकडेवारी उत्तम सांभाळतील. तिसरं, गस्तवाल्यांना या अभ्यासात मानधनासह जागा द्यावी, नाहीतर ते ज्ञान निवृत्तीबरोबर निघून जाईल.

आणि रेल्वेच्या कराराची वाट न बघता राज्य सरकारच्या हातातली एक गोष्ट मालवणातच करता येईल. जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आजही इंधनावर चालतात, आणि भोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. महाराष्ट्र सागरी मंडळानं नॉर्वेसारखा एक प्रश्न जाहीर करावा: इथल्या खडकाळ, उथळ वाटेत चालेल अशी, डिझेल न लागणारी होडी दाखवा. अट एवढीच, की ती मालवणच्या होडीवाल्यांच्या मालकीची राहील, आणि जिंकलेल्या नमुन्याच्या होड्या घ्यायला त्यांना निम्मं अनुदान मिळेल. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असते. ते महिने चाचणीची तयारी आणि नमुने बांधण्यासाठी पुरेसे आहेत.