"राहू दे बाळा, तू नको वाचूस" हे मी आता म्हणत नाही



तुमच्याही वर्गात असं एखादं मूल असेलच. घरी घडाघडा वाचतं, पण वर्गात उभं केलं की घसा कोरडा पडतो. माझ्या तिसरीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. प्रकट वाचन असलं की सकाळी हमखास पोट दुखायचं. आईला वाटायचं, नाटक करतेय. मला दया यायची आणि मी तिला सोडून पुढच्या मुलाकडे वळायचे. दिवाळीनंतर ती हजेरीलाही तोंडातल्या तोंडात "हजर" म्हणू लागली.

चूक माझीच होती. भीतीच्या गोष्टीतून मुलाला सोडवलं की त्याला लगेच हायसं वाटतं, आणि "टाळलं की सुटका होते" एवढंच ते शिकतं. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी. पण म्हणून "घाबरतेस काय, वाच!" असं दरडावणं हाही उपाय नाही.

डीएडला आपण पावलॉवचा कुत्रा पाठ केला. वॉटसनने छोट्या अल्बर्टला भीती कशी शिकवली, तेही पेपरात लिहिलं. पण १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटरची भीती कशी घालवली, ते किती जणांना आठवतं? पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. सशाला न घाबरणारी मुलंही सोबत असायची. शेवटी पोरगं सशाशी खेळू लागलं.

मीही तेच केलं. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी फक्त एक ओळ, फक्त मला ऐकू येईल अशी. मग मैत्रिणीबरोबर दोघींनी मिळून. मग बाकावर बसूनच. एका पायरीचा कंटाळा येईपर्यंत पुढची पायरी नाही. वाचण्याआधी श्वास घ्यायचा आणि मेणबत्तीवर फुंकर घालावी तसा सावकाश सोडायचा. फेब्रुवारीत तिनं उभं राहून अर्धं पान वाचलं. हातातलं पुस्तक हलत होतं. मी मध्ये बोलले नाही, आणि ते मला फार जड गेलं!

पालकांना एक सांगते. अशी पोटदुखी खोटी नसते, ताणानं खरंच दुखतं. एकदा डॉक्टरांना दाखवा, आजार नसेल तर जवळ घेऊन विचारा, "आज शाळेत काय आहे गं?" आणि शाळेत पाठवा. घरी ठेवू नका. आम्हाला मात्र चिठ्ठी लिहून कळवा.

आपण शिक्षक आहोत, समुपदेशक नाही, हेही खरं. मुलाची झोप, जेवण, शाळा सगळंच सुटायला लागलं तर पायऱ्यांचा प्रयोग करत बसू नये, तज्ज्ञांकडे जावं. २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ वर फोन करायचा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

यंदा माझ्या वर्गात असे दोघं आहेत. एक जण अजून टेबलापाशीच वाचतो. वाचू दे.