विहिरी आखातात, झळ चाकणमध्ये



चाकणच्या तळेगाव चौकात सकाळच्या पाळीला निघालेल्या कामगाराला व्हिएन्ना शहराचे नाव कशाला ठाऊक असेल? पण तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या 'ओपेक' या संघटनेचे कार्यालय १९६५ पासून तिथे आहे. तिथे बसलेल्या मंत्र्यांनी एक आकडा बदलला की शेअर रिक्षाच्या भाड्यापासून भाजीच्या टेम्पोपर्यंत सगळ्याला त्याची झळ लागते.

ही संघटना जन्मली कशी, हे आपल्या माणसांनी मुद्दाम समजून घ्यावे. पूर्वी तेलाचा भाव ठरवत असत अमेरिकी व युरोपीय कंपन्या. ऑगस्ट १९६० मध्ये त्यांनी तेल असलेल्या देशांना न विचारता भाव खाली आणला. माल ज्याचा त्यालाच विचारायचे नाही, हा न्याय आपल्या आजोबा-पणजोबांना गावकीत चांगला ठाऊक होता. पुढच्याच महिन्यात इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया व व्हेनेझुएला हे पाच देश बगदादला एकत्र बसले आणि ओपेक उभी राहिली. संघटित झाले, म्हणून त्यांना किंमत आली.

आता हे देश भाव कसा वाढवतात? भावाची पाटी ते लावत नाहीत. ते तेल किती उपसायचे ते ठरवतात. वस्तीत नळ थोडे आणि चाव्या चार घरांकडे असल्या, तर पाण्याला काय किंमत येते ते आपल्या मायबहिणींना सांगायला नको. या घरांत सर्वात मोठी चावी सौदी अरेबियाची, कारण हवा तेव्हा नळ जास्त सोडण्याची ताकद त्याच्याकडे इतरांपेक्षा अधिक. पण ही एकी नेहमीच टिकते असे नाही. कुणी ठरल्यापेक्षा जास्त तेल चोरून विकतो, आणि भाव फार चढला की दुसरे लोक नव्या विहिरी खणतात.

१९७३ च्या ऑक्टोबरात इस्रायलशी युद्ध पेटले आणि अरब देशांनी नळ आवळला. बॅरलचा, म्हणजे १५९ लिटरचा, भाव सुमारे ३ डॉलर होता. जानेवारी १९७४ मध्ये तो साडेअकराच्या पुढे गेला. महाराष्ट्र तेव्हा १९७२ च्या दुष्काळातून नुकता सावरत होता. संघटित झालेल्या देशांना न्याय मिळाला खरा, पण त्याचे बिल बड्या राष्ट्रांपेक्षा आपल्यासारख्या तेल नसलेल्या गरिबांना जड गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या समुद्रात 'सागर सम्राट' जहाजाला तेल लागले. मुंबई हायने पुढे देशाला मोठा आधार दिला, तरी गरज भागली नाही. अलीकडच्या वर्षांत आपण शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग तेल बाहेरून आणत आलो आहोत.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले. तेल भडकले, तिथल्या आपल्या लोकांच्या मनीऑर्डरी थांबल्या, पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानाने परत आणावे लागले. १९९१ मध्ये देशाने सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवले आणि जुलैत रुपया दोनदा घसरवला. तेल डॉलरमध्ये घ्यायचे असल्याने रुपया पडला की तेच तेल आणखी महाग. बाबासाहेबांनी १९२३ साली 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात मांडले होते की, रुपयाच्या विनिमयदरापेक्षा त्यात बाजारातून माल किती येतो, हे स्थिर राहणे महत्त्वाचे. शंभर वर्षांनंतरही गृहिणीचा हिशेब तोच आहे.

मात्र सगळे खापर अरबांवर फोडणाऱ्यांचे मला पटत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओपेकने उत्पादन कमी करायचे नाकारले आणि भाव कोसळला. जानेवारी २०१६ मध्ये बॅरल ३० डॉलरच्याही खाली आले. मग पंपावर तेवढी स्वस्ताई का आली नाही? त्या दरम्यान केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे चालत असताना, पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर एका दिवसात चढला. नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये त्यात कपात झाली, हेही सांगितले पाहिजे. राज्याचा कर वेगळाच.

आपल्या पट्ट्याला याहून मोठी झळ कामाची आहे. आकुर्डीत एके काळी पेट्रोलची चेतक स्कूटर बनत असे. तिथेच जून २०२२ पासून विजेच्या चेतकसाठी कारखाना सुरू झाला. जुलै २०२४ मध्ये बजाजने सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली. पेट्रोल महाग झाले म्हणूनही गिऱ्हाईक तिकडे वळते. विजेच्या गाडीला पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, कार्बुरेटर नाही. भोसरीच्या शेडमध्ये हेच भाग करणाऱ्या आपल्या पोरांचे काय? आयटीआयला जाणाऱ्या मुलाने टर्नर-फिटरबरोबर वायरिंग व इलेक्ट्रॉनिक्सही शिकून घ्यावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

आणि कंत्राटी बांधवांसाठी एक कामाची गोष्ट. महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबरचा विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार जानेवारीत आणि जुलैत बदलत आला आहे. कायम कामगाराला युनियन सांगते. कंत्राटी माणसाला कुणी सांगत नाही. त्या दोन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आधीच्या चिठ्ठीशेजारी ठेवून पाहाव्यात. चिठ्ठीच मिळत नसेल, तर पाळीतल्या दहा-बारा जणांनी मिळून आधी ती मागावी.