अकरा रुपयांची पावती

पूर्वीच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात गेलो की पाणचक्की पाहिल्याशिवाय माझा पाय निघत नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही अठराव्या शतकातली चक्की. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलेले. त्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ पडे. पीठ वाटले जाई, चक्की जागच्या जागी राही.

वक्फ म्हणजे तरी दुसरे काय? मूळ राखायचे, फळ वाटायचे. जमीन, वाडा, दुकान एकदा ईश्वराला वाहिले की ते विकायचे नाही, वारसांत वाटायचे नाही. मुतवल्ली हा सांभाळणारा, मालक नव्हे. आपल्या देवस्थान इनामाचेच हे भावंड म्हणा. हुगळीच्या हाजी मुहम्मद मोहसीन यांनी १८०६ साली आपली इस्टेट अशी वाहिली. त्यांच्यामागे मुतवल्ल्यांनीच ती कुरतडली. पुढे सरकारने कारभार हाती घेतला आणि त्या उत्पन्नातून १८३६ साली हुगळीला कॉलेज निघाले. बंकिमचंद्र तिथे शिकले.

आणि आज? सच्चर समितीने २००६ साली हिशेब मांडला: नोंदलेल्या मालमत्ता सुमारे ४ लाख ९० हजार, जमीन सहा लाख एकर, वर्षाचे उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये! नीट वापर झाला तर हेच उत्पन्न बारा हजार कोटींवर जाईल, असे समितीचे म्हणणे. १९५४ साली कायदा झाला, १९९५ साली नवा आला, २०२५ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यावरून वादही पेटले. अतिक्रमणे, दावे, लबाड विश्वस्त यांवर आपण सारेच तावातावाने बोलतो. मीही बोलत असे.

परवा वडिलांची जुनी ट्रंक उघडली, तेव्हा तोंड बंद झाले. आत भाड्याच्या पावत्यांची चळत. आमचे किराणा दुकान मशिदीच्या वक्फ जागेत होते. भाडे दरमहा अकरा रुपये. तीस वर्षांत गुळाचा भाव कुठल्या कुठे गेला, अकराचे बारा झाले नाहीत. वडील माणूस सचोटीचे. मापात कधी मारले नाही. भाडे मात्र कोणी वाढवा म्हटले नाही, म्हणून यांनी वाढवले नाही. मुतवल्ली चाचा यायचे, चहा घ्यायचे, पावती फाडायचे.

दुकानामागे मदरसा होता. पावसाळ्यात त्याचे छत गळे आणि पोरे पाट्या सावरीत या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकत. ती गंमत मी पोत्यावर बसून पाहत असे. त्याच दुकानाच्या जिवावर पुढे मी कॉलेजात गेलो. त्यांतली किती गेली, मी कधी विचारले नाही.

दुकान आता आमच्याकडे नाही. तरी गेल्या महिन्यात जाऊन झेपेल तेवढी रक्कम भरली. कारकुनाने विचारले, "देणगी लिहू ना, साहेब?"

म्हटले, "नको. भाड्याची बाकी लिहा."